लिंक्डइनवर खरेदीदारांना लिहिताना: यंत्राला काय द्यायचं, हातात काय ठेवायचं

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या (एफपीओच्या) गोदामात एप्रिलमध्ये ४ टन हळद पॉलिश होऊन पडलेली असते. जवळच्या बाजारातला भाव सगळ्यांना तोंडपाठ. त्याहून बरा भाव देऊ शकणारा माणूस सांगली, कोची, हैदराबाद किंवा मुंबईच्या एखाद्या मसाला कंपनीत, नाहीतर हळदीतलं पिवळं द्रव्य, म्हणजे कर्क्युमिन, काढणाऱ्या कारखान्यात, खरेदी विभागात बसलेला असतो. त्याचा फोन नंबर कोणी देत नाही. लिंक्डइनवर मात्र तो नावानिशी, पदानिशी सापडतो.

अशा वेळी कोणीतरी सुचवतं, की ब्राउझरला जोडायचं एक छोटं सॉफ्टवेअर, म्हणजे एक्स्टेंशन, टाका, ते रोज शंभर जणांना आपोआप विनंती पाठवतं, नावसुद्धा आपोआप भरतं. हे करू नका. स्वयंचलन वाईट असतं म्हणून नव्हे. ते चुकीच्या ठिकाणी लावलं जातं म्हणून. यादी नीट ठेवणं, दुबार नावं पकडणं, मसुद्याचा सांगाडा भरणं, त्यातल्या खुणा (कॅरेक्टर) मोजणं, कोणाला परत लिहायचं याची आठवण करणं, ही सगळी कामं यंत्राकडून करून घ्या. प्रोफाइल वाचणं आणि ‘पाठवा’ दाबणं ही दोन कामं हातात ठेवा. आठवड्याला २५ माणसं धरली तर या पद्धतीने सगळं मिळून तीन-साडेतीन तास लागतात.

आधी साइटचा नियम

लिंक्डइनच्या वापरकर्ता करारात बॉट वापरून माहिती गोळा करणं, आपोआप संदेश वा विनंत्या पाठवणं आणि त्यासाठी बाहेरची एक्स्टेंशनं लावणं याला स्पष्ट मनाई आहे. टूल विकणारे ‘सेफ मोड’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ इतकाच, की पकडलं जाण्याची शक्यता कमी. दोन विनंत्यांमध्ये सारखंच अंतर, प्रोफाइल उघडल्यावर दोन सेकंदांत विनंती, रात्री तीन वाजता सुरू असलेलं काम, या गोष्टी साइटला दिसतात. क्लाउडवर चालणारी टूलं तर तुमची सेशन कुकी, म्हणजे लॉग-इन झाल्याची ब्राउझरमधली खूण, मागतात. ती कुकी ज्याच्याकडे गेली तो पासवर्डशिवाय तुमच्या खात्यात बसला. गोदामाची किल्ली रस्त्यावरच्या माणसाला दिल्यासारखंच ते.

खातं खऱ्या माणसाच्या नावाचं हवं. ‘अमुक फार्मर प्रोड्युसर कंपनी’ या नावाने व्यक्तीचं खातं उघडण्याची खोड आपल्याकडे आहे. तेही नियमाबाहेर आहे. कंपनीचं वेगळं पेज काढा आणि सीईओ किंवा मार्केटिंग बघणाऱ्याने स्वतःच्या खात्यावरून लिहावं. आधार कार्डावर आहे तेच नाव प्रोफाइलवर ठेवा. भारतात ओळख पडताळणी डिजिलॉकरमार्फत आधारवर होते. गावभर ‘राजूभाऊ’ म्हणून ओळख असली तरी प्रोफाइलवर ‘राजूभाऊ’ आणि आधारवर ‘राजेंद्र’ असेल तर ऐन वेळी अडतं.

आठवड्याला किती विनंत्या चालतात याचा आकडा कंपनी जाहीर करत नाही. वापरणाऱ्यांच्या अनुभवात तो शंभराच्या आसपास आहे. २५ च्या हिशोबात त्या रेषेच्या जवळही जायला लागत नाही. खरी अडचण शोधाची येते. फुकट खात्यावर महिनाभरात फार शोध घेतले की साइट शोध आखडते, आणि तो पुन्हा मोकळा होतो पुढच्या महिन्याच्या एक तारखेला. म्हणून यादी महिन्याच्या सुरुवातीला काढा, २८ तारखेला नको.

कोणाला, आणि मुळात कधी

हळद जूनमध्ये लागते, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. उकळणं, वाळवणं, पॉलिश यात आणखी काही आठवडे जातात. ओल्या मालाचा सुका माल साधारण पाचवा हिस्सा उरतो, त्यामुळे वावरात २० टन दिसले तरी विकायला ४ टनच आहेत हे संदेश लिहिणाऱ्याला माहीत असायला हवं. यादी फेब्रुवारीत तयार करा. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात कोणालाही लिहू नका: खरेदीवाले मार्चअखेरच्या हिशोबात असतात आणि तुमची अर्धी माणसं कढईजवळ. एप्रिलचा दुसरा आठवडा बरा. तोवर प्रयोगशाळेचा अहवालही हातात आलेला असतो.

वार मंगळवार ते गुरुवार, वेळ सकाळी १० ते १२. आता यात एक मेख आहे. त्याच वेळी आपल्याकडचा माणूस बँकेत, कृषी कार्यालयात किंवा वावरात असतो. समोरच्याने साडेदहाला ‘अहवाल पाठवा’ म्हटलं आणि उत्तर चौथ्या दिवशी गेलं, तर पहिला संदेश कितीही गोड असो, उपयोग नाही. ज्या आठवड्यात रोज अर्धा तास बसणं जमणार नाही त्या आठवड्यात नवीन विनंत्या पाठवू नका.

माणसं निवडताना पदावर भुलू नका. मोठ्या कंपनीचा ‘व्हाइस प्रेसिडेंट, सप्लाय चेन’ ४ टनांसाठी उत्तर देणार नाही. ‘प्रोक्युअरमेंट एक्झिक्युटिव्ह, स्पायसेस’, ‘रॉ मटेरियल’, ‘कॅटेगरी मॅनेजर’ असे शब्द शोधा. लहान ब्रँड असेल तर थेट मालकाला लिहा. प्रत्येक नावापुढे एका प्रश्नाचं उत्तर लिहिता आलं पाहिजे: हाच माणूस का? ‘मसाल्यात आहे’ हे उत्तर नाही. ‘मागच्या महिन्यात शेतकरी गटांकडून थेट खरेदीबद्दल लिहिलं’, ‘कंपनीने हळदीचं नवं पाकीट काढलं’, ‘आधी निझामाबादला हळद खरेदीत होता’ ही उत्तरं आहेत. कारण सापडलं नाही तर ते नाव यादीतून काढा. चाळीस नावं पाहिली की पंचवीस उरतात, आणि ही गाळणीच या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग आहे.

तक्ता

गुगल शीट्समध्ये एक शीट पुरते. सुरू करण्याआधी फाइलच्या सेटिंग्जमध्ये लोकेल भारत आणि टाइम झोन कोलकाता आहे का ते बघा. लोकेल अमेरिकेचं राहिलं तर तुम्ही ५ जून म्हणून टाकलेली ०५/०६ ही तारीख ६ मे म्हणून बसते, आणि आठवण महिनाभर आधी येते. ही चूक हमखास होते आणि कळते फार उशिरा.

रकाने असे: प्रोफाइलवर आहे तसं नाव, प्रोफाइलचा दुवा, संबोधन, कंपनी, गाव, गावाचं सामान्यरूप (‘पुणे’चं ‘पुण्या-’), कारण (एका वाक्यात), कारणाचा पुरावा म्हणजे त्या पोस्टचा वा बातमीचा दुवा, भाषा, स्थिती, शेवटचं लिहिल्याची तारीख, पुढची तारीख, आणि ‘काय शब्द दिला’. हा शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत. ‘२५० ग्रॅम नमुना पाठवतो म्हटलं’, ‘दर मे महिन्यात सांगू म्हटलं’ हे त्यात लिहायचं. दिलेला शब्द विसरला जातो तेव्हा नुकसान संदेश न पाठवल्यापेक्षा जास्त होतं.

स्थितीच्या रकान्याला ड्रॉपडाउन लावा: यादीत, विनंती गेली, जोडले, बोलणं चालू, नमुना गेला, थांबवलं, नको. हाताने टाइप करू दिलं की कोणी ‘जोडला’ लिहितं, कोणी ‘जोडले’, आणि मग मोजदाद बिघडते. दुव्याच्या रकान्यावर काउंटइफ या सूत्राने दुबार तपासणी लावा. त्याच माणसाला दोघांनी दोन खात्यांवरून लिहिलं तर फार वाईट दिसतं. तपासणी नावावर नको, दुव्यावर हवी. देशमुख, राऊत आणि ठाकरे यांची गणती नाही आपल्याकडे.

आधीच ओळखीत असलेल्यांची यादी लिंक्डइनच देतं. सेटिंग्जमध्ये डेटा प्रायव्हसीखाली स्वतःच्या माहितीची प्रत मागा, त्यात कनेक्शन्सची सीएसव्ही फाइल येते. या फाइलच्या डोक्यावर टिपेच्या काही ओळी असतात. त्या काढल्या नाहीत तर रकान्यांची शीर्षकं जुळत नाहीत. फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडू नका, देवनागरीतली नावं अगम्य चिन्हं होऊन बसतात. शीट्समध्ये इम्पोर्ट करा. ईमेलचा रकाना बराचसा रिकामा दिसेल. ज्यांनी परवानगी दिली त्यांचेच पत्ते येतात, आणि ते तसंच बरोबर आहे.

मराठीत रिकाम्या जागा भरताना

इंग्रजी साच्यात नाव, कंपनी, गाव ठोकळ्यासारखं बसतं. मराठीत बसत नाही. ‘गाव + तल्या’ असं जोडलं की यंत्र ‘पुणेतल्या’, ‘अकोलातल्या’, ‘वर्धातल्या’ लिहितं. वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळतं की हे माणसाने लिहिलेलं नाही. पुण्यातल्या, अकोल्यातल्या, वर्ध्यातल्या, नागपुरातल्या, सांगलीतल्या: प्रत्येक शब्द वेगळा वळतो. म्हणून गावाच्या शेजारी सामान्यरूपाचा वेगळा रकाना ठेवून तो हाताने भरायचा. पंचवीस नावांना पाच मिनिटं लागतात. कंपनीच्या नावाला प्रत्यय लावायचं टाळून ‘या कंपनीत’, ‘या कंपनीची’ अशी सोय करून घेतली तरी चालतं.

संबोधनही हातानेच. प्रोफाइलवरच्या नावाच्या पहिल्या खान्यात लोक ‘डॉ.’, ‘सीए’, ‘अॅड.’ घालतात, यंत्र त्यालाच नाव समजतं आणि ‘नमस्कार डॉ. जी’ असा संदेश जातो. काही जण मुद्दाम नावापुढे एखादं चिन्ह ठेवतात. संदेशात ते चिन्ह आलं की समजायचं, बॉट आहे. किरण, सुहास, शुभम अशी नावं बघून सर की मॅडम ठरवू नका, फोटो आणि प्रोफाइल बघा, तरीही शंका असेल तर नुसतं ‘नमस्कार’ पुरे. आणि कोचीच्या माणसाला ‘भाऊ’ नको. भाऊ, दादा, काकाजी हे आपल्या चौकातलं ठीक आहे; लेखी पहिल्या ओळखीत ‘सर’, ‘मॅडम’ हेच बरं.

लिहिणाऱ्याचं लिंगही सांभाळावं लागतं. सीईओ बाई आणि लेखापाल पुरुष, दोघंही एकच साचा वापरत असतील तर ‘लिहितो आहे’, ‘भारावून गेले’ अशी क्रियापदं अडचणीत आणतात. साच्यात ‘वाचलं’, ‘पाहिलं’, ‘कळलं’, ‘ही विनंती’ अशी रचना ठेवली की कोणीही पाठवावं.

भाषेच्या रकान्यात आडनाव बघून मराठी लिहू नका. त्या माणसाच्या शेवटच्या पाच-सहा पोस्ट कोणत्या भाषेत आहेत ते बघा. इंग्रजीत असतील तर साधं इंग्रजी, हिंदीत असतील तर हिंदी.

विनंतीसोबतची टीप

फुकट खात्यावर विनंतीसोबत २०० खुणांची टीप लिहिता येते, पैसे भरलेल्या खात्यावर ३००. फुकट खात्यावर दर महिन्याला मोजक्याच टिपा मिळतात, उरलेला आकडा साइट दाखवते. त्यामुळे टीप खरंच ज्यांना हवी त्यांना वापरा. बाकीच्यांना नुसती विनंती पाठवून जोडणी झाल्यावर लिहिलं तरी चालतं. प्रोफाइल भरलेलं असेल तर टिपेविना विनंतीला कोणी वाईट म्हणत नाही.

देवनागरीत २०० खुणा म्हणजे इंग्रजीपेक्षा कमी जागा. मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘हळदीतल्या’ डोळ्याला पाच अक्षरं दिसतात. संगणकाला नऊ: ह, ळ, द, ी, त, ल, ्, य, ा. शीट्सचं ‘लेन’ फंक्शन हेच मोजतं, म्हणून मसुद्याच्या शेजारी ते लावून ठेवा आणि आकडा १९० च्या वर गेला की खाना लाल होईल असं कंडिशनल फॉरमॅटिंग द्या.

एक नमुना:

‘नमस्कार मॅडम, हळदीतल्या शिशाच्या तपासणीबद्दलची तुमची पोस्ट वाचली. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या शेतकरी कंपनीकडे वायगाव हळदीचे तपासलेले लॉट आहेत. ओळख असावी, म्हणून ही विनंती.’

हे २३ शब्द, १७४ खुणा. यात साच्याचा भाग दुसरं आणि तिसरं वाक्य. पहिलं वाक्य ‘कारण’ रकान्यातून येतं आणि ते प्रत्येकाला वेगळं असतं. शिशाचा उल्लेख उगाच नाही: हळदीला पिवळा रंग आणायला लेड क्रोमेट मिसळण्याची भेसळ खरेदीदाराच्या डोक्याला कायमचा ताप आहे, आणि ज्या बाईंनी त्यावर लिहिलं त्यांना तपासलेल्या लॉटचं मोल कळतं. दर, फोन नंबर, ‘लवकर कळवा’ यांपैकी काही या टिपेत नको.

आणि हे यंत्राचं: ‘आपला प्रेरणादायी प्रवास पाहून भारावलो, आपल्या सारख्या दिग्गजांशी जोडून मूल्यनिर्मिती करण्यास उत्सुक आहे.’ कोणाला पाठवला तरी चालेल असा संदेश कोणालाच लिहिलेला नसतो.

‘वायगाव हळद’ हे नाव वापरण्याआधी एक गोष्ट पक्की करा. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि हे नाव व्यापारात लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. जाणता खरेदीदार दुसऱ्याच संदेशात प्रमाणपत्र मागतो. नोंदणी नसेल तर ‘समुद्रपूर तालुक्यातली हळद’ लिहा. कमी वाटेल, पण खोटं पडणार नाही.

जोडणी झाल्यावर

त्याच मिनिटाला लांबलचक जाहिरात पाठवू नका. हेच बॉट करतात. एक-दोन दिवस जाऊ द्या. मग सगळी ठोस माहिती एका संदेशात, आणि शेवटी एकच प्रश्न:

‘विनंती स्वीकारल्याबद्दल धन्यवाद. या हंगामाची ४ टन पॉलिश केलेली हळद आहे, गट्टू आणि कणी वेगळी काढून नुसती हळकुंडं. ओलावा ९.५ टक्के, लेड क्रोमेट आढळलं नाही. एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा याच महिन्याचा अहवाल आहे. ५० किलोच्या पोत्यात भरलेली. तुमच्याकडे खरेदी लॉट बघून होते की वार्षिक करारावर? हा विषय तुमच्याकडे नसेल तर तसं लिहा, पुन्हा त्रास देणार नाही.’

यातला गट्टू म्हणजे गोल गड्डे, कणी म्हणजे बारीक तुकडे, आणि एनएबीएल ही प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था. अख्ख्या हळदीला अन्नसुरक्षा नियमांत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आणि पावडरीला १० टक्के आहे. आकडा अहवालातूनच उचला, अंदाजाने नको. अहवाल ज्या लॉटचा, माल त्याच लॉटचा, नमुनाही त्याच लॉटचा. इथे गफलत झाली की माल कोचीहून परत येतो, आणि येण्या-जाण्याचं भाडं कास्तकाराच्या अंगावर पडतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) परवान्याचा १४ अंकी क्रमांक हाताशी ठेवा, पण विचारल्यावरच द्या.

उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदाच लिहा, तेही काही नवीन असेल तर: दुसऱ्या लॉटचा अहवाल आला, २ टन गेले आणि २ टन उरले. ‘माझा संदेश पाहिला का?’ हे नवीन नव्हे. त्यानंतर थांबा. म्हणजे विनंती, पहिला संदेश, एक आठवण. तिसऱ्यानंतर स्थिती ‘थांबवलं’. पुढच्या हंगामात परत एकदा विचारायला हरकत नाही. ‘नको’ म्हणालेल्याला मात्र कधीच नाही.

न स्वीकारलेल्या विनंत्या साचू देऊ नका. तीन आठवड्यांनी ‘माय नेटवर्क’मधल्या ‘सेंट’ यादीत जाऊन मागे घ्या. मागे घेतलेल्या माणसाला पुढच्या तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा विनंती पाठवता येत नाही, हे लक्षात ठेवूनच करा. २५ पैकी पाच-सहा जणही दोन आठवड्यांत जोडले गेले नाहीत, तर शब्द बदलत बसू नका. यादी चुकली आहे. पंधरा जोडले आणि एकानेही उत्तर दिलं नाही, तर पहिला संदेश चुकला आहे.

रेंजचा एक त्रास आपल्याकडचा खास आहे. संदेश पाठवला, चक्र फिरत राहिलं, म्हणून परत दाबलं, आणि रेंज आल्यावर दोन्ही गेले. चक्र फिरत असेल तर फोन खाली ठेवा, पान रिफ्रेश करून बघा, मगच पुढे. मसुदा कधीही साइटच्या खोक्यात लिहू नका; शीटमध्ये लिहा, तिथून चिकटवा. शीट ऑफलाइन उघडेल अशी सोय आधीच करून ठेवली तर वीज किंवा नेट गेलं तरी लिहिणं थांबत नाही.

आठवण यंत्रावर

शीटमध्ये एक फिल्टर व्ह्यू करून ठेवा: पुढची तारीख आज किंवा त्याआधीची, आणि स्थिती ‘नको’ वा ‘थांबवलं’ नसलेली. सकाळी तो उघडला की दिवसाचं काम समोर. बहुतेकांना एवढं पुरतं.

आणखी सोय हवी असेल तर अॅप्स स्क्रिप्टमध्ये (शीटला जोडून छोटे प्रोग्राम लिहायची गुगलची सोय) दहा-पंधरा ओळींचं फंक्शन लिहून तीच नावं रोज सकाळी सात ते आठच्या दरम्यान स्वतःच्याच ईमेलवर मागवता येतात. ट्रिगर ‘टाइम-ड्रिव्हन’, प्रकार ‘डे टायमर’. पहिल्यांदा चालवताना गुगल ‘हे अॅप पडताळलेलं नाही’ असा इशारा देतं. स्क्रिप्ट तुमचीच असल्यामुळे अॅडव्हान्स्डमधून पुढे जाता येतं. दुसऱ्याने दिलेली स्क्रिप्ट असेल तर मात्र वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्क्रिप्टचा टाइम झोन शीटहून वेगळा असू शकतो, प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये बघा; ईमेल संध्याकाळी येऊ लागला तर कारण हेच. ही स्क्रिप्ट तुम्हालाच ईमेल करते, खरेदीदाराला काही पाठवत नाही. ती सीमा ओलांडू नका.

एआयकडून मसुदा घ्यायचा असेल तर ‘कारण’ रकान्यातलं वाक्य आणि तुमच्या मालाची माहिती एवढंच द्या, आणि सांगा की याबाहेरचं काही लिहू नकोस. नाहीतर ते स्वतःच्या मनाने ‘सेंद्रिय’, ‘निर्यात दर्जाची’, ‘शतकानुशतकांची परंपरा’ घालतं. सेंद्रिय प्रमाणपत्र नसताना सेंद्रिय लिहिलं तर तो दोष मसुद्याचा नाही, पाठवणाऱ्याचा. समोरच्याचं आख्खं प्रोफाइल किंवा त्याने पाठवलेला संदेश उचलून बाहेरच्या टूलमध्ये चिकटवू नका. मसुदा मोठ्याने वाचून बघा. बाजार समितीत समोर उभं राहून जे बोलवणार नाही ते काढून टाका.

नंबर, ग्रुप आणि कायदा

जोडणी झाल्यावर काहींचा नंबर, ईमेल दिसतो. तो या बोलण्यासाठी आहे. तो उचलून व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये टाकणं, सकाळी फुलांचं चित्र पाठवणं, हे गावात खपतं, या खरेदीदारांकडे नाही. आधी विचारा: ‘अहवाल व्हॉट्सअॅपवर पाठवला तर चालेल का?’ व्हॉट्सअॅप ब्रॉडकास्ट तसाही ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला त्यालाच पोचतो. आणि साध्या दहा अंकी नंबरावरून प्रचाराचे फोन-एसएमएस केले तर समोरचा १९०९ वर तक्रार करू शकतो. त्यात नंबर बंदही होतो.

‘मसाला खरेदीदारांचे दहा हजार नंबर’ विकणाऱ्यांपासून लांब राहा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती त्यातून वगळली आहे. तिसऱ्याने गोळा करून विकलेली माहिती मात्र वगळलेली नाही. स्वतःच्या तक्त्यापुरता साधा नेम ठेवा: जे प्रोफाइलवर त्याने स्वतः लिहिलं तेच नोंदवायचं. सहा महिने ज्याचं उत्तर नाही त्याची बाकी माहिती पुसायची. ‘नको’ म्हणणाऱ्याचा फक्त दुवा आणि ‘नको’ एवढं ठेवायचं. ती ओळ पूर्ण काढली तर पुढच्या वर्षी नव्या पोराच्या यादीत तो परत येतो.

खातं अडकलं तर

एक्स्टेंशन असेल तर ते आधी ब्राउझरमधून काढा, सगळ्या सेशनमधून बाहेर पडा, पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी लावा. मग साइट जे विचारेल त्याला खरं उत्तर द्या. बंधन तात्पुरतं असेल तर दिलेली मुदत संपेपर्यंत दुसरं खातं काढू नका. एका माणसाचं एकच खातं चालतं, आणि दुसरं सापडलं की पहिलंही जातं. सुटल्यानंतर दोन आठवडे नवीन विनंत्या नकोत, फक्त आधीच्या बोलण्यांना उत्तरं द्या.

सीईओ बदलताना

केंद्राच्या दहा हजार एफपीओ योजनेत व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षं मदत मिळते. ती संपली की अनेक ठिकाणी सीईओ नोकरी सोडतो. लिंक्डइनवरच्या ओळखी त्याच्या खात्याबरोबर जातात आणि त्या त्याच्याच आहेत. पासवर्ड मागून घेणं हा उपाय नाही. म्हणून शीट पहिल्या दिवसापासून कंपनीच्या ईमेलवर काढा, व्यक्तीच्या नव्हे. जाणाऱ्याने शेवटच्या पंधरवड्यात ‘बोलणं चालू’ आणि ‘नमुना गेला’ या दोन स्थितींतल्या माणसांना एकेक संदेश लिहावा: यापुढे अमुक जण बघतील, त्यांचं प्रोफाइल हे. नव्याने येणाऱ्याने आधी ‘काय शब्द दिला’ हा रकाना वरून खालपर्यंत वाचावा, राहिलेले नमुने आणि अहवाल पाठवावेत, आणि मगच नवीन पंचवीस नावांना हात घालावा.